युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर : हातात पाच-सहा तासच असतील तर

सिंगापूरच्या सहलीत सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कच्या वाट्याला एकच दिवस येतो, आणि तोही पुरता नसतो. ग्रुप टूरची बस नाश्ता उरकून, सगळ्यांची डोकी मोजून साडेदहा-अकराच्या सुमारास दारात पोचवते. संध्याकाळी समुद्रकाठचा शो किंवा जेवणाची वेळ आधीच ठरलेली असते. स्वतःहून जाणाऱ्यांचंही मुलं, आजी-आजोबा आणि ऊन धरून गणित साधारण तसंच बसतं. हाती उरतात पाच-सहा तास.

पार्क लहान आहे. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जायला दहा-बारा मिनिटं पुरतात, त्यामुळे नकाशा पाहून सगळं होईल असं वाटतं. तसं होत नाही, कारण वेळ चालण्यात जातच नाही, तो रांगेत जातो. रांग किती वेळ खाईल हे दोन गोष्टींवर ठरतं : त्या राइडमध्ये तासाला किती माणसं बसून बाहेर पडतात, आणि आभाळात काय चाललंय. या दोन गोष्टी डोक्यात ठेवून सकाळचा पहिला दीड तास नीट वापरला की पुढचा दिवस आपोआप सोपा जातो. पुढचं जवळजवळ सगळं त्या दीड तासाबद्दलच आहे.

निघण्याआधी मुलांची उंची मोजा

हे काम घरीच, भिंतीला पाठ लावून करायचं. राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि तिथले कर्मचारी एका सेंटीमीटरचीही सवलत देत नाहीत. "पुढच्या महिन्यात सात वर्षांचा होईल" याला तिथे अर्थ नाही, वय कुणी विचारतच नाही. अर्धा तास रांगेत उभं राहून मुलाला परत फिरवलं की पुढचा तासभर रडण्यात जातो.

लक्षात ठेवायचे आकडे असे. बॅटलस्टार गॅलॅक्टिका या मोठ्या रोलरकोस्टरला किमान १२५ सेंटीमीटर उंची लागते. रिव्हेंज ऑफ द ममी या छताखालच्या रोलरकोस्टरला १२२. ज्युरासिक पार्क रॅपिड्स या पाण्याच्या राइडला १०७ आणि ट्रान्सफॉर्मर्स या पडद्यावरच्या राइडला १०२. कॅनपी फ्लायर आणि एन्चांटेड एअरवेजला ९२ पुरतात. पण या चारही ठिकाणी १२२ पेक्षा कमी उंचीच्या मुलाबरोबर मोठं माणूस बसलंच पाहिजे. म्हणजे ११० सेंटीमीटरची दोन मुलं आणि एकटी आई असेल तर बसायची व्यवस्था कशी होणार, हे रांगेत शिरण्याआधी कर्मचाऱ्याला विचारून घ्यावं.

मूल बसण्याइतकं उंच नसेल तरी आईवडिलांनी राइड सोडायची गरज नाही. तिथे आळीपाळीची सोय असते. सगळ्यांनी एकत्र रांगेत जायचं, एकाने मुलाजवळ थांबायचं, दुसऱ्याने राइड घेऊन यायची आणि मग अदलाबदल करायची. दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही. ही सोय कुणी आपणहून सांगत नाही. रांगेच्या तोंडाशी "चाइल्ड स्विच" असं म्हणायचं, की ते वाट दाखवतात.

तिकीट तारखेचं असतं. चार वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, चार ते बारा वर्षांपर्यंत मुलांचा दर, त्यापुढे मोठ्यांचा. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. प्रत्येकाचा क्यूआर कोड वेगळा असतो. तो ईमेलमध्ये ठेवून दारात नेटवर्क शोधत बसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. याच वेळी पार्कच्या संकेतस्थळावर देखभालीसाठी बंद असलेल्या राइडची यादी बघा. ज्या राइडसाठी मुलगा महिनाभर नाचतोय तीच बंद असेल तर ते घरी कळलेलं बरं.

कोणता दिवस निवडायचा? शनिवार-रविवार टाळा, हे सगळेच सांगतात. आपल्याकडून जाणाऱ्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट वेगळीच आहे. सिंगापूरच्या शाळांची मधली मोठी सुट्टी मे महिन्याच्या अखेरीला सुरू होते आणि जूनभर चालते. आपल्याकडे शाळा उघडायच्या आधीचा शेवटचा आठवडा म्हणून लोक जूनच्या सुरुवातीचं तिकीट काढतात आणि नेमके तिथल्या गर्दीत सापडतात. तीच सहल मेच्या मध्यात केली तर रांगा बऱ्याच कमी असतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबर अखेरपर्यंत पुन्हा तेच. दिवाळीच्या आगेमागे जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत काही रात्री तिथे हॅलोविनचा वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम असतो आणि त्या दिवशी पार्क दिवसाच्या पाहुण्यांसाठी लवकर बंद होतो. आधीच कमी असलेल्या वेळातले दोन तास त्यात जाऊ शकतात.

पोचायचं कसं

लिटल इंडिया किंवा फॅरर पार्कच्या बाजूला उतरला असाल (आपली बरीच मंडळी तिथेच उतरतात) तर काम सोपं आहे. मेट्रोची जांभळ्या रंगाची नॉर्थ ईस्ट लाइन पकडायची आणि शेवटच्या हार्बरफ्रंट स्टेशनला उतरायचं. मध्ये गाडी बदलावी लागत नाही. लिटल इंडियापासून ते पाचवं स्टेशन आहे. आपलं कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट गेटवर टेकवून चालतं, मात्र प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं. एकाच कार्डावर चौघे जाऊ शकत नाहीत. गाडीत आणि स्टेशनात खाणं-पिणं बंद आहे, पाण्याचा घोटही नाही, आणि दंड खरोखर होतो.

हार्बरफ्रंटवरून व्हिवोसिटी मॉलमध्ये शिरून तिसऱ्या मजल्यावर या. तिथून सेंटोसा एक्सप्रेस ही मोनोरेल सुटते. माणशी ४ सिंगापूर डॉलर, आणि ते फक्त जाताना, येताना काही द्यावं लागत नाही. पहिलंच स्टेशन रिसॉर्ट्स वर्ल्ड, तिथे उतरायचं. झोपेत पुढे गेलात तर समुद्रकिनाऱ्यावर पोचाल. पैसे वाचवायचे असतील तर व्हिवोसिटीच्या बाहेरून बोर्डवॉकवरून चालतही जाता येतं, अर्धा-पाऊण किलोमीटर आहे आणि बरंचसं छताखाली आहे. पण दिवसभर पायावरच राहायचं असल्याने सकाळी हे चालणं टाळावं.

पार्क बहुतेक दिवशी दहाला उघडतो. दारात साडेनऊच्या आधी पोचा. बॅगांची तपासणी आणि तिकिटाची रांग धरून हा अर्धा तास लागतोच. दाराबाहेर फिरणारा मोठा गोळा आहे, त्याच्यापुढे सकाळी फोटोसाठी झुंबड असते. तिथे थांबू नका. गोळा संध्याकाळीही तिथेच असतो.

पहिला दीड तास

पार्क २०१० साली सुरू झाला. मधे तळं आणि भोवती गोलाकार रस्ता, अशी त्याची मांडणी आहे. दारातून शिरल्यावर पहिला विभाग हॉलिवूड. उजवीकडे वळलात तर न्यूयॉर्क, सायफाय सिटी, इजिप्त, लॉस्ट वर्ल्ड, फार फार अवे आणि शेवटी मिनियन लँड असं फिरून पुन्हा हॉलिवूडला येता. डावीकडे वळलात तर हाच क्रम उलटा. मिनियन लँड फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडलं. त्या जागी आधी मादागास्कर विभाग होता. जुन्या ब्लॉगवरचे नकाशे पाहून जाणाऱ्यांचा तिथे गोंधळ होतो.

आता राइडची क्षमता. कॅनपी फ्लायर ही लॉस्ट वर्ल्डमधली वरून लटकत जाणारी छोटी राइड. एका पाळण्यात चार माणसं, दोन पुढे तोंड करून, दोन मागे. समजा दर ४० सेकंदांनी एक पाळणा सुटला तर तासाला ९० पाळणे, म्हणजे ३६० माणसं. ट्रान्सफॉर्मर्सची गाडी बारा जणांची आहे. ती त्याच गतीने सुटली तरी तासाला १०८०. तुमच्यापुढे दोनशे माणसं असतील तर कॅनपी फ्लायरला ३३ मिनिटं आणि ट्रान्सफॉर्मर्सला ११. रांगेची लांबी डोळ्यांना सारखीच दिसते, वेळ मात्र तिप्पट. म्हणून रांग पाहून ठरवू नका, गाडीत किती जण बसतात ते पाहून ठरवा. कमी माणसांच्या राइड सकाळी उरकायच्या, नाहीतर सरळ सोडायच्या. फार फार अवेमधली पुस इन बूट्स याच जातीची आहे. राइड सौम्य, लहान मुलांना फार आवडणारी, आणि रांग मुंगीच्या पावलाने सरकणारी.

दुसरा निकष छताचा. कॅनपी फ्लायर, बॅटलस्टार, एन्चांटेड एअरवेज, डायनो सोरिन, पाण्याची राइड या सगळ्या उघड्यावर आहेत. ट्रान्सफॉर्मर्स, ममी, मिनियन मेहेम, श्रेक, सेसमी स्ट्रीट या छताखाली, बहुतेक वातानुकूलित. दुपारी पाऊस आला की पहिला गट बंद होतो आणि सगळी गर्दी दुसऱ्या गटात शिरते. त्यामुळे उघड्यावरचं सकाळी आणि छताखालचं दुपारी, हा माझ्या मते या पार्कचा सगळ्यात कामाचा नियम.

सगळे १२५ सेंटीमीटरच्या वर असतील तर दारातून उजवीकडे वळा, न्यूयॉर्कमध्ये न रेंगाळता थेट सायफाय सिटी गाठा. बॅटलस्टार म्हणजे शेजारी-शेजारी धावणारे सायलन आणि ह्यूमन हे दोन रोलरकोस्टर, उंची ४२.५ मीटर, दोघांच्या रांगा वेगळ्या. सायलनमध्ये पाय खाली लोंबकळतात आणि गाडी अनेकदा उलटी होते. ह्यूमनमध्ये नेहमीसारखी बैठक असते, गाडी उलटी होत नाही, पण वेग ताशी ९० किलोमीटरपर्यंत जातो. आयुष्यात पहिल्यांदाच मोठा रोलरकोस्टर घेणाऱ्याने ह्यूमनपासून सुरुवात करावी. दोन्ही घेणार असाल तर लागोपाठ घ्या, पुन्हा इकडे येऊ नका. तिथून ट्रान्सफॉर्मर्स आणि ममी दोन्ही मागे टाकून, कितीही मोह झाला तरी, लॉस्ट वर्ल्डमध्ये कॅनपी फ्लायर आणि मग पुस इन बूट्स. साडेअकरा-पावणेबारापर्यंत एवढं होतं. मग उलट्या वाटेने ममी आणि ट्रान्सफॉर्मर्सकडे या.

ट्रान्सफॉर्मर्सची पाटी तोपर्यंत ५०-६० मिनिटं दाखवू लागेल अशी शंका येईल. दाखवू शकते. पण ती रांग थंड जागेत आहे, सतत हलती आहे, आणि एकट्यांची रांग हा तिच्यावरचा उपाय आहे. ट्रान्सफॉर्मर्स, ममी आणि बॅटलस्टारला रिकाम्या राहिलेल्या एकेका जागेवर बसवण्यासाठी वेगळी रांग असते. शेजारी आपलं माणूस नसेल एवढीच अट. मोठी मुलं आणि कॉलेजची मंडळी यात निम्म्याहून कमी वेळात जाऊन येतात. लहान मुलाला घेऊन मात्र या रांगेत जाता येत नाही, कारण त्याच्याबरोबर बसायला माणूस लागतं. ही रांग गर्दीत अधूनमधून बंदही करतात. मग दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचं.

सोबत १२२ पेक्षा कमी उंचीची मुलं असतील तर नियमाला अपवाद करा. डावीकडे वळा आणि मिनियन मेहेम आधी उरका. ती छताखाली आहे हे खरं, पण सगळ्यात नवा विभाग असल्याने एकदा रांग भरली की दिवसभर रिकामी होत नाही. १०२ पासून पुढच्या मुलांना मोठ्यांबरोबर बसता येतं. लगेच पुढे फार फार अवे, तिथे पुस इन बूट्स आणि एन्चांटेड एअरवेज. ही दुसरी म्हणजे लहान मुलांचा पहिला रोलरकोस्टर म्हणावा अशी आहे. मग लॉस्ट वर्ल्डमध्ये कॅनपी फ्लायर. मिनियन लँडमधल्या बगी बूगी आणि सिली स्विर्ली या गोल फिरणाऱ्या राइड नंतर केव्हाही मिळतात.

आणि टूरच्या बसने अकराला पोचलात तर? मग कॅनपी फ्लायर आणि पुस इन बूट्स यांचं नावच काढू नका. चार गोष्टी ठरवा : ट्रान्सफॉर्मर्स, ममी, एखादा शो आणि पाण्याची राइड. बॅटलस्टार हवाच असेल तर आभाळ स्वच्छ असेपर्यंत आधी तोच. पाचव्या गोष्टीला वेळ उरला तर आनंद आहे, पण आखणी चारचीच असू द्या.

वीज कडाडली की

सिंगापूरमध्ये वर्षातले दीडशेहून जास्त दिवस गडगडाटाचे असतात. एप्रिल, मे आणि नोव्हेंबर हे त्यातले जोराचे महिने, म्हणजे आपली उन्हाळ्याची सुट्टी आणि दिवाळीनंतरचे दिवस. पार्कात पाऊस पडेपर्यंत वाट पाहत नाहीत. परिसरात विजेचा धोका दिसला की उघड्यावरच्या राइड थांबवतात. डोक्यावर ऊन असतानाही राइड बंद पडलेली दिसली तर कारण बहुधा हेच असतं. कधी सुरू होणार हे कर्मचारी सांगू शकत नाहीत, कारण त्यांनाही ते ठाऊक नसतं. त्यांच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

अशा वेळी रांगेत थांबायचं की निघायचं? विजेमुळे उघड्यावरची राइड थांबली असेल तर लगेच निघा आणि सगळ्यांच्या आधी छताखालची रांग पकडा. यात पाच मिनिटांचा फरक फार मोठा असतो. आतली राइड यांत्रिक कारणाने थांबली असेल आणि तुम्ही रांगेच्या पुढच्या भागात असाल तर दहा-पंधरा मिनिटं थांबायला हरकत नाही.

सकाळीच आभाळ भरून आलं तर सगळी आखणी उलटी करायची. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात पहाटेपासून दुपारपर्यंत सुमात्राच्या बाजूने वाऱ्यासह येणाऱ्या सरी सिंगापूरला नेहमीच्या आहेत. त्या येतात जोरात, पण तास-दोन तासांत ओसरतात. त्या दिवशी ट्रान्सफॉर्मर्स आणि ममी आधी, दुपारी उघडीप झाल्यावर बॅटलस्टार. पाऊस थांबल्यावर राइड पुन्हा सुरू होतानाची पहिली दहा मिनिटं रांग जवळजवळ नसते, त्यामुळे मोबाइल अॅपवर रांगांच्या वेळा पाहत राहा. त्यासाठी एक भरलेली पॉवर बँक हवीच.

खिसे, लॉकर, पायातलं

बॅटलस्टारला जाताना खिशात काहीही चालत नाही, अगदी किल्ली, नाणं, रुमालात बांधलेली औषधाची गोळीसुद्धा. वाटेत धातुशोधक असतो आणि काही सापडलं की परत पाठवतात. सगळं बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवायचं. ते ठरावीक वेळ फुकट असतात, त्यानंतर पैसे लागतात, म्हणून राइड झाली की लगेच सामान काढा. लोकांची नेमकी अडचण होते ती लॉकरचा नंबर आठवताना. आपली सवय नंबरचा फोटो काढायची, आणि मोबाइल तर त्याच लॉकरमध्ये जातो! तेव्हा दोघांनी नंबर पाठ करावा आणि लॉकर ओळीत कुठे आहे तेही बघून ठेवावं.

ओढणी, लांब मंगळसूत्र, सैल बांगड्या आधीच पर्समध्ये जाऊ द्या. चष्म्याला मागून बांधायची दोरी लावून न्या. चपला घालून जाऊ नका, मागे पट्टा असलेल्या सँडल सगळ्यात सोयीच्या. बूट भिजले की दिवसभर पाय कुजतात. जीन्सपेक्षा पातळ, लवकर वाळणारी पँट बरी. साडी नेसणाऱ्या आजींनी शो आणि संथ राइड खुशाल कराव्यात, पण वेगाच्या राइडसाठी पंजाबी ड्रेसच हवा.

पाण्याची राइड

ज्युरासिक पार्क रॅपिड्समध्ये गोल तराफा फिरत-फिरत जातो, त्यामुळे "न भिजणारी जागा" असं काही नसतं. शेवटी अंधारात तराफा लिफ्टने वर उचलतात आणि तिथून तो घसरत खाली येतो. कोणी नुसतं शिंतोड्यांवर सुटतो, कोणी कंबरेपर्यंत भिजतो. भिजल्यावर लगेच ममी किंवा ट्रान्सफॉर्मर्सच्या थंडगार रांगेत गेलात तर दात वाजतात, लहान मुलं तर हमखास शिंकायला लागतात. म्हणून ही राइड दुपारच्या जेवणाच्या ऐन आधी घ्या, म्हणजे उन्हात बसून खाताना कपडे वाळतात, किंवा अगदी शेवटी. घरून पातळ प्लास्टिकचा रेनकोट न्या, तिथे तोच कितीतरी महाग पडतो. मोबाइल झिपच्या पिशवीत. आणि प्रत्येकासाठी एक कोरडा टी-शर्ट व मोजे, एवढं पाठीवरच्या सॅकमध्ये मावतं. राइडबाहेर उभं राहून गरम वाऱ्याने अंग वाळवायची पेटी आहे, पैसे टाकून चालते. केस वाळतात, जाड कपडे वाळत नाहीत.

पोट आणि मळमळ

बाहेरचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत. थेपले-दशम्यांचा डबा तपासणीत अडकू शकतो. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं चालतात. पाण्याची रिकामी बाटली जरूर न्या, आत प्यायच्या पाण्याची सोय आहे. तापमान तीस अंशांच्या आसपास आणि हवा दमट, घाम वाळतच नाही, त्यामुळे तहान लागायच्या आधी पाणी प्या. मीठ-साखरेची एखादी पुडी बरोबर ठेवलेली बरी.

शाकाहारी माणसांनी जेवणाची भिस्त सकाळवर ठेवावी. लिटल इंडियात सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं शाकाहारी उपाहारगृह. डोसा-इडली भरपेट खाऊन निघालात की दोनपर्यंत चिंता नाही. आत पिझ्झा, फ्राइज, पॉपकॉर्न मिळतं. "व्हेज" एवढंच म्हणू नका, अंडं, मासळीचा सॉस, चिकनचं पाणी यातलं काही आहे का ते एकेक नाव घेऊन विचारा. जैन जेवण हवं असेल तर आतल्या खाण्यावर अवलंबून राहू नका. जेवायला साडेअकराला किंवा अडीचनंतर जा. साडेबारा ते दोन या वेळात टेबलं मिळत नाहीत, आणि त्याच वेळात राइडच्या रांगा मात्र थोड्या सैलावतात.

मळमळ हा वेगळाच विषय. रोलरकोस्टरपेक्षा पडद्यावरच्या राइडमध्ये ती जास्त होते. ट्रान्सफॉर्मर्समध्ये त्रिमिती चष्मा लावलेला असतो, डोळ्यांना वाटतं आपण इमारतीवरून पडतोय, शरीराला तेवढी हालचाल जाणवत नाही, आणि या विसंगतीने पोट ढवळतं. त्रास सुरू झाला तर थोडा वेळ डोळे मिटून घ्या. नाहीतर चष्मा काढा आणि पुढच्या सीटच्या पाठीकडे किंवा हातातल्या दांड्याकडे बघा. ट्रान्सफॉर्मर्स, मिनियन मेहेम आणि श्रेक लागोपाठ घेऊ नका, मधे एखादा शो किंवा तळ्याकाठी पंधरा मिनिटं घाला. बस लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. राइडच्या दारात घेतलेली गोळी काम करायच्या आत राइड संपते. रात्रीच्या विमानाने येऊन त्याच दिवशी इथे यायचं तर बिलकुल ठरवू नका. झोप न झालेल्या शरीराला हे सगळं दुप्पट लागतं.

आजी-आजोबा बरोबर असतील तर

त्यांना "तुम्ही इथे बसा, आम्ही येतो" म्हणून तासन्‌तास बाकावर ठेवणं हा पैशांचा आणि त्यांच्या दिवसाचा अपव्यय आहे. त्यांच्यासाठीही पुरेसं आहे. न्यूयॉर्कमधली सेसमी स्ट्रीट ही बसून करायची संथ राइड, इजिप्तमधली ट्रेझर हंटर्सची सावकाश चालणारी जीप, आणि वॉटरवर्ल्डचा शो. शोच्या दिवसातल्या मोजक्याच वेळा असतात, त्या दारात शिरतानाच पाहा आणि वीस मिनिटं आधी जाऊन बसा. पुढच्या रांगांवर भिजण्याची खूण असते आणि कलाकार बादलीने पाणी टाकतात. आजोबांना मधल्या रांगांच्या कडेची जागा द्या, चढ-उतार कमी पडतो. न्यूयॉर्कमधल्या लाइट्स, कॅमेरा, अॅक्शनमध्ये वादळाचा देखावा सुरेख आहे, पण तो उभ्यानेच बघायचा. श्रेकच्या खुर्च्या धक्के देतात, कंबरदुखी असेल तर नको. हृदयाचा, मणक्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर बॅटलस्टार, ममी आणि ट्रान्सफॉर्मर्स नाहीच.

भेटायची जागा दाराबाहेरचा गोळा ठरवू नका, तिथे शंभर जण तेच ठरवून उभे असतात. हॉलिवूडमध्ये तळ्याकाठी मेल्स ड्राइव्ह-इन आहे, बसायला जागा, जवळ स्वच्छतागृह, शोधायला सोपं. आजी-आजोबांच्या खिशात ही जागा, वेळ आणि टूर मॅनेजरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. त्यांच्या मोबाइलवर रोमिंग आहे या भरवशावर राहू नका.

एक्सप्रेस पास घ्यावा का

या पासमुळे रांग टाळता येते. साध्या प्रकारात प्रत्येक राइड एकदाच, अनलिमिटेडमध्ये कितीही वेळा. किंमत दिवसागणिक बदलते आणि गर्दीच्या दिवशी तिकिटाइतकीही होऊ शकते. आठवड्यातला साधा दिवस असेल, दहाला दारात असाल आणि एकट्यांच्या रांगेत जायची तयारी असेल तर पास नको. सुट्टीच्या दिवसांत अकरानंतर पोचणाऱ्या, १२५ च्या वरच्या तिघा-चौघांनी साधा पास घ्यावा, अनलिमिटेडची गरज पाच तासांत पडत नाही. लहान मुलांच्या कुटुंबाने आधी पासात कोणत्या राइड येतात त्याची यादी वाचावी. त्यातल्या निम्म्या राइडला मूल बसूच शकत नसेल तर पैसे वाया जातात. आणि वीज आली की पासवालाही बाहेरच उभा.

शेवटचा तास पुन्हा चांगला असतो. पाचनंतर टूरच्या बसा निघतात, लहान मुलं दमून परततात, आणि सकाळी मागे टाकलेल्या ट्रान्सफॉर्मर्सची रांग आखडते. बंद होण्याच्या वेळेआधी रांगेत शिरलात तर सहसा बसू देतात. त्यामुळे त्या दिवशी पार्क किती वाजता बंद होतो ते सकाळीच पाहून ठेवा आणि खरेदी त्याच्या आधी नव्हे, नंतर करा. दाराजवळची दुकानं राइड थांबल्यावरही थोडा वेळ उघडी असतात. मग बाहेर पडून गोळ्यापुढे फोटो काढा, तोवर उन्हाची तिरीपही गेलेली असते. परतीच्या मोनोरेलला पार्क सुटल्यावर वीस-पंचवीस मिनिटं गर्दी असते. आजी-आजोबा नसतील आणि पाऊस नसेल तर त्या वेळात बोर्डवॉकवरून चालत व्हिवोसिटीला पोचून होतं.